हत्यार बदलणारी छोटी आज्ञावली

लेथवर एक नग पुरा करावयाचा तर कारागिरास तीन-चार हत्यारे लागतात. एक कातण्याचे, एक आटे पाडण्याचे, एक नग कापून वेगळा करण्याचे. हत्यार घट्ट बसले की नाही, हे तो हाताने चाचपून पाहतो आणि मगच यंत्र सुरू करतो. यंत्राने हत्यार आपले आपण बदलावयाचे झाल्यास ही चाचपणी कोणी करावयाची? अमेरिकेतील कर्नी अँड ट्रेकर कंपनीने १९५८ साली स्वतः हत्यार बदलणारे 'मिल्वॉकी-मॅटिक' यंत्र पुढे आणले, तेव्हापासून हा प्रश्न यंत्रकारांसमोर आहे.

आज लहान कारखान्यांतही 'लिनक्ससीएनसी' ही विनामूल्य नियंत्रण-आज्ञावली वापरली जाते. तिचा उगम अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेतील संशोधनात आहे. प्रत्येक यंत्राचा हत्यारबदल निराळा असल्यामुळे त्यासाठी स्वतंत्र छोटा घटक लिहून तो मुख्य नियंत्रकास जोडता येतो. दोहोंमधील बोलणे अगदी मोजके असते. नियंत्रक हत्यार-क्रमांक देऊन 'बदला' ही खूण वर करतो. काम झाले की घटक 'बदलले' ही खूण वर करतो. मग नियंत्रक आपली खूण खाली घेतो आणि घटकही आपली घेतो. 'बदलले' येईपर्यंत कातकाम थांबलेले असते.

चार हत्यारांचा साधा फिरता धारक घ्या. त्याची मोटर पुढे फिरते. हवे ते स्थान आल्याचे चुंबकीय संवेदक कळवितो. मग मोटर क्षणभर उलट फिरून धारकास खटक्यावर घट्ट दाबते. हा धारक मागे नेता येत नाही, म्हणून तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येण्यास तीन घरे ओलांडावी लागतात. उलट दाब फार वेळ राहिला तर अडलेली मोटर तापून जळते. कमी पडला तर हत्यार सैल राहते आणि पहिल्याच कापात नग बिघडतो.

हा घटक साधारणतः सेकंदाला हजार वेळा बोलाविला जातो. त्याने 'स्थान येईपर्यंत थांबतो' म्हणून आत अडून बसता कामा नये. त्याच फेऱ्यांत अक्षांचेही नियंत्रण चाललेले असते. म्हणून तो 'पुढे फिरतो आहे', 'उलट दाबतो आहे' अशी आपली अवस्था लक्षात ठेवतो, प्रत्येक खेपेस थोडेसे काम करतो आणि परततो.

नवशिके लेखक येथवर लिहून थांबतात. वस्तुतः खरा भाग पुढेच आहे. संवेदकाची तार तुटली तर धारक फिरतच राहील. म्हणून ठरावीक मुदत संपताच मोटर बंद करावी, 'बदलले' मुळीच म्हणू नये आणि दोषाची खूण द्यावी. संवेदकाचा क्षणिक थरकाप खरा मानू नये. पहिली परीक्षा मोटरची तार काढून, संवेदकाच्या खुणा हाताने देऊन घ्यावी; दुसरी रिकाम्या धारकावर. आणीबाणीचे बटण मात्र या आज्ञावलीवर अवलंबून ठेवू नये. त्याची तार थेट मोटरचा पुरवठा तोडणारी असावी.