मार्चअखेर झाल्यावर बघू

निवृत्तीला इतकी वर्षे झाली तरी मार्च महिना आला की मला नीट झोप लागत नाही. 'बँकेची सवय, दुसरे काय!' असे माझी पत्नी हसत सांगते. तिला निम्मेच कारण ठाऊक आहे. उरलेले निम्मे आज सांगतो.

१९९४ साली मी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. शाखेत झाडलोट करायला, पाणी भरायला एक बाई अर्धवेळ कामावर येत. वय पंचेचाळिशीच्या आसपास. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणत असू. फेब्रुवारीच्या अखेरीस एकदा त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, हजार रुपये उचल पायजे होती. बार्शीला दवाखान्यात जायचंय."

काय होतंय विचारले, तर पदर सावरत म्हणाल्या, "बायामाणसाचं दुखणं हाय."

पुढे मी विचारले नाही. थकबाकीच्या याद्या, वसुलीचे दौरे, वरून येणारे फोन यांत बुडालो होतो. म्हणालो, "मावशी, मार्चअखेर होऊ दे, मग बघू."

"बरं," म्हणाल्या आणि झाडू घेऊन कामाला लागल्या. पुन्हा उचल मागितली ती थेट जूनमध्ये. मधल्या काळात मी विसरून गेलो होतो. बार्शीत निदान झाले तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग बराच पसरला होता. पुढच्या वर्षी पाडव्याच्या आत मावशी गेल्या.

बार्शी आमच्या गावापासून एस.टी.ने दोन तासांवर. तिथे कर्करोगाचे रुग्णालय होते. ग्रामीण भागातल्या कर्करोगरुग्णांची देशातली पहिली नोंदणी १९८७ साली सुरू झाली, तीही बार्शीतच. म्हणजे उपचार दोन तासांवर होते आणि मावशींना तिथे पोचायला जवळजवळ वर्ष लागले.

हे वर्ष गेले कुठे? त्यांच्या लेकीकडून नंतर तुकड्यातुकड्याने कळले. पहिले तीन-चार महिने कुणाला सांगायचे, यातच गेले. अंगावरून जाते हे पुरुष डॉक्टरपुढे कसे बोलायचे? मग गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या आणि इंजेक्शने. मग खुरपणीचे दिवस; रोज बुडवून चालत नाही. सोबतीला कोणी जायचे, म्हणजे आणखी एक रोज बुडणार. घरी म्हैस कोण बघणार? मग पैसे. आणि त्या पैशांच्या वाटेवर मी बसलेलो.

२००७ साली पुण्यात माझ्या पत्नीला स्तनात गाठ लागली. गुरुवारी तिच्या लक्षात आले, सोमवारी तपासण्या झाल्या, पंधराव्या दिवशी शस्त्रक्रिया. ओळखीचे डॉक्टर, घरात फोन, भरपगारी रजा, बँकेकडून वैद्यकीय खर्चाची भरपाई. ती आज नातवंडांत रमलेली आहे. दोन रोग वेगळे, त्यांची सरळ तुलना होत नाही, हे मला कळते. पण लक्षण दिसल्यापासून उपचाराच्या टेबलापर्यंतचे दिवस मोजले, तर एकीकडे पंधरा आणि दुसरीकडे साडेतीनशे. हा फरक रोगाने केलेला नाही. तो पगारपत्रकाने केला आहे.

कर्करोगात दिवसांना मोल असते. गर्भाशयमुखाचा कर्करोग फार सावकाश वाढतो. आधीच्या बदलांपासून प्रत्यक्ष रोगापर्यंत कित्येक वर्षे जातात. तेवढ्यात सापडला तर लहानशा उपचारावर भागते. पुढे गेला की किरणोपचार येतात. आठवड्यातले पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे. उपचार फुकट असले तरी दीड महिना शहरात राहायचे कुठे, खायचे काय? परळला १९४१ साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर मुक्काम करणारी कुटुंबे आपण पाहिली आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा अशा कित्येकांना आसरा देतात. पण येणाऱ्यांची रांग त्याहून मोठी. मग अनेकजण उपचार अर्धवट टाकून गावी परततात.

यावर उपाय नाही असे नाही. आणि तो सापडला तो माझ्या मावशींच्याच जिल्ह्यात. १९९९ नंतर उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ५२ गावसमूहांतल्या १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. टाटा आणि बार्शीच्या डॉक्टरांचा त्यात पुढाकार होता. रोगाला कारण ठरणाऱ्या एच.पी.व्ही. या विषाणूची चाचणी एका गटातल्या स्त्रियांना आयुष्यात एकदाच करू दिली गेली. आठ वर्षांनी त्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. एरवीप्रमाणे सोडलेल्या गटात ६४. हा निष्कर्ष २००९ साली जगापुढे आला. या बायका शेतकरी, मजूर घरांतल्याच होत्या. फरक इतकाच की, त्यांना रजा मागून दवाखाना शोधावा लागला नाही. दवाखाना त्यांच्या गावात आला.

सरकारनेही पावले टाकली. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तीच पुढे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०१८ साली आयुष्मान भारत आली. शस्त्रक्रियेच्या बिलापायी जमीन गहाण टाकण्याची वेळ त्यामुळे पुष्कळांवरून टळली. जुन्या बँकवाल्याला याचे मोल नक्की कळते. मुलीच्या लग्नाइतकाच आजारही सावकाराचा हुकमी गिऱ्हाईक असे. पण योजनेचे कार्ड उपयोगी पडते ते निदान झाल्यावर. त्याआधीचे हेलपाटे, बुडालेला रोज, सोबतीचा माणूस आणि तोंड उघडायची भीड यांचे बिल कोणत्याच योजनेत बसत नाही.

ते आपल्याला भरता येते. आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई, सोसायटीचा पहारेकरी, दुकानातला पोरगा यांच्यापैकी कुणी तोंडातली न भरणारी जखम, छातीतली गाठ किंवा पाळी गेल्यावरचा रक्तस्राव सांगितला, तर 'बघू' म्हणू नये. पगार न कापता रजा द्यावी. जमले तर केसपेपरच्या रांगेत सोबत उभे राहावे. कागद वाचता येणारा माणूस बरोबर असला की दवाखान्यातली अर्धी दारे उघडतात.

गेल्या मार्चमध्ये आमच्या स्वयंपाकाच्या बाई बोलता बोलता म्हणाल्या, "गालाच्या आतनं पांढरं झालंय, तिखट लागत नाही." त्या मिश्री लावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे दवाखान्यात होतो. तुकडा काढून तपासला. अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस मला त्यांच्यापेक्षा जड गेले.

काही निघाले नाही. मिश्री मात्र त्या दिवसापासून बंद झाली.

परत येताना रिक्षात त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या, "उगंच तुमचे पैसे गेले, काका." मी काही बोललो नाही. ते पैसे कुणाचे देणे होते, हे त्यांना कसे सांगणार? एकतीस वर्षांची थकबाकी होती. मुद्दल फिटण्यासारखे नाही. व्याज तेवढे भरत राहायचे.