बसा हो, अशा दिवसांत उभं राहू नये!

डोंबिवलीहून दादरला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळणे ही काय चीज आहे, हे त्या गाडीने रोज जाणाऱ्यांनाच ठाऊक! म्हणूनच गेल्या वर्षी भाद्रपदात एक अनोळखी बाई आपण होऊन उठली आणि माझा हात धरून मला खिडकीशी बसवू लागली, तेव्हा मला अगदी भरून आले. "बसा हो ताई, अशा दिवसांत उभं राहू नये," ती मायेने म्हणाली.

माझ्या धाकट्याला त्या दिवशी बरोबर आठ महिने पूर्ण झाले होते.

खरे ते सांगायला काय हरकत होती? पण नाही सांगितले. मुकाट्याने बसले, ओढणी पोटावर ओढून घेतली आणि दादर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. संध्याकाळी हे घरी आल्यावर त्यांना सांगितले, तर ते हसले. आणि माझा चेहरा पाहून लगेच हसायचे थांबले.

त्या रात्रीच मी निश्चय केला की हे पोट घालवायचे. भात बंद, साखर बंद. मोबाईलवर एक धट्टीकट्टी मुलगी उताणे पडून धडाधड उठायचा व्यायाम करून दाखवत असे. तिच्या जोडीने मीही रोज पहाटे तीस वेळा उठू लागले. वजन दोन किलो उतरले. पोट मात्र होते तसेच! उलट उठताना बरगड्यांखालून बेंबीच्या खालपर्यंत मधोमध एक लांबट उंचवटा वर येऊ लागला. माझी सहा वर्षांची लेक शेजारी बसून पाहत होती. ती म्हणाली, "आई, तुझ्या पोटात करंजी आहे!"

करंजीच ती. आडवे पडले की नाहीशी व्हायची, डोके उचलले की हजर. त्यात कंबर धरू लागली. पाण्याची बादली उचलताना पोटात काही आधारच नाही असे वाटायचे. सासूबाईंचे मत ठरलेले होते. "बाळंतपणात पोट बांधून घ्यायला सांगत होते मी. ऐकलं नाहीस. वारा शिरला पोटात!"

शेवटी आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पोट दाबून पाहिले, खोकायला लावले, हर्निया नसल्याची खात्री करून घेतली आणि चिठ्ठी दिली ती फिजिओथेरपिस्टच्या नावाने. मी चकितच झाले. फिजिओथेरपी म्हणजे मोडलेला हात किंवा अर्धांगवायू, एवढीच माझी समजूत. आता ती अगदीच चुकीची नव्हती म्हणा. मुंबईत हे शास्त्र शिकवायला सुरुवात झाली तीच १९५० च्या दशकात, पोलिओच्या साथीनंतर, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात. पण बाळंतिणीचे पोट हाही त्या शास्त्राचाच विषय आहे, हे मला कुणी सांगितले नव्हते.

फिजिओथेरपिस्ट बाई माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. त्यांनी मला गुडघे मुडपून उताणे निजवले, बोटे बेंबीवर आडवी टेकली आणि म्हणाल्या, "ताई, आता फक्त डोकं आणि खांदे जरासे उचला." मी उचलले. त्यांची चार बोटे सरळ आत गेली. मग माझाच हात धरून त्यांनी मलाही चाचपायला लावले. दोन्ही बाजूंना घट्ट काठ आणि मध्ये मऊ, रिकामी खाच. स्वतःच्या पोटात आपलीच बोटे अशी रुतलेली पाहून मला रडूच कोसळले. बाई शांतपणे म्हणाल्या, "ही चरबी नाही हं. आणि आळसही नाही."

'आळस नाही' हे शब्द वर्षभरात माझ्याशी प्रथमच कुणी बोलले असेल.

त्यांनी समजावून दिले ते असे. बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत पोटाच्या पुढच्या बाजूला दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना मधोमध एक चिवट पांढरी पट्टी जोडून ठेवते. गर्भ वाढू लागला की ही पट्टी ताणून रुंद आणि पातळ होते व स्नायू बाजूला सरकतात. शेवटच्या आठवड्यांत हे जवळजवळ प्रत्येकीचे होते. त्याशिवाय बाळाला जागा कुठून मिळणार? बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळसे अंतर आपोआप भरून येते. काहींचे मात्र राहते. साधारण दोन बोटांहून जास्त राहिले की डॉक्टर त्याला 'डायस्टॅसिस रेक्टाय' म्हणतात. नॉर्वेमध्ये पहिलटकरणी अशा ३०० जणींची पाहणी झाली, ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी त्यांतल्या दहापैकी सहा जणींत हे अंतर होते आणि वर्षाने सुमारे एकतृतीयांश जणींत. म्हणजे माझ्या गाडीच्या डब्यात मी काही एकटी नव्हते!

माझे दुसरे बाळंतपण सीझरचे. तेव्हाच स्नायू कापले असतील असा माझा ग्रह होता. बाई म्हणाल्या, "सीझरमध्ये हे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, बाजूला सारतात. साध्या बाळंतपणानंतरही फट राहतेच."

मग व्यायाम. मला वाटले होते, घाम निघेल. पहिल्या दिवशी त्यांनी मला नुसता श्वास सोडायला शिकवला! गुडघे मुडपून पडायचे, श्वास घेताना पोट सैल सोडायचे आणि हळूहळू सोडताना बेंबीखालचे पोट अलगद आत ओढायचे. त्याच वेळी लघवी रोखताना आवळतो तसे खालचे स्नायू वर उचलून घ्यायचे. श्वास कोंडायचा नाही. पोटाचा सर्वांत आतला स्नायू कंबरेभोवती आडवा, पट्ट्यासारखा असतो; त्याला जागे करायचे ते असे. हे घरी सांगितले तेव्हा सासूबाई विजयी मुद्रेने म्हणाल्या, "मग मी दुसरं काय सांगत होते? पट्टाच ना?" बाईंचे म्हणणे असे की जुन्या लुगड्याने पोट बांधल्याने उठता-बसता आधार जरूर वाटतो, पण स्नायूंचे काम लुगडे करीत नाही, आणि फार आवळले तर खालच्या बाजूला उगाच ताण येतो.

दोन आठवड्यांनी टाच जमिनीवरून सरकवत एकेक पाय लांब करणे आले, मग कंबर उचलणे, मग रांगत्या मुलासारखे हातापायांवर राहून एक हात उचलणे. (यात धाकटा माझा गुरू, तो समोर येऊन तसाच उभा राहायचा.) पण खरा फरक पडला तो दिवसभराच्या साध्या गोष्टींनी. अंथरुणातून सरळ उठायचे नाही. कुशीवर वळून हाताने रेटून उठायचे. बादली किंवा मूल उचलताना ते अंगाजवळ घेऊन, श्वास सोडत उचलायचे. शौचाला कुंथायचे नाही. करंजी वर आली की समजायचे, हा व्यायाम तूर्त आपल्याला जड आहे.

पहाटेच्या त्या तीस उठण्यांबद्दल मी गुन्हेगारासारखी विचारले. बाई हसल्या. यावर तज्ज्ञांत एकमत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका नॉर्वेजियन प्रयोगात अशाच ७० मातांपैकी निम्म्यांना बारा आठवडे डोके-खांदे उचलण्याचा व्यायाम दिला होता. त्यांची फट वाढली नाही, कमीही झाली नाही. स्नायू मात्र बळकट झाले. "तेव्हा तो व्यायाम शत्रू नाही," त्या म्हणाल्या, "पण पाया घातल्याशिवाय माडी चढवू नये."

व्यायामापेक्षा अवघड होती ती पंधरा मिनिटे. दुपारी चारला चटई टाकली की दाराची घंटा वाजायची, कुकर शिट्टी द्यायचा, नाहीतर लेक पोटावर येऊन बसायची. सासूबाई दोन दिवस हे पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही मुलांना उचलून गॅलरीत नेले आणि दार ओढून घेतले. त्या दाराचे उपकार मी विसरणार नाही.

तीन महिन्यांनी चार बोटांची दोन झाली. आज दीडच्या आसपास आहेत. बाई म्हणतात, रुंदीचा फार ध्यास घेऊ नका, मधली पट्टी बोटाला घट्ट लागते की नाही ते पाहा. ती लागते. बादली उचलते. पोट मुलीसारखे सपाट झाले म्हणाल, तर नाही. सगळ्यांचे व्यायामाने भागते असेही नाही. फट फार मोठी असली किंवा सोबत हर्निया असला तर काहींना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते.

फाल्गुनात एका दुपारी चटई गुंडाळत होते, तेव्हा सासूबाई दार लावून आत आल्या. "जरा माझंही बघतेस?" त्यांनी इतक्या हळू विचारले की मला आधी कळलेच नाही. तीन मुले झाली, धाकटे वन्सं, त्यांनाही आता चाळीस होतील. इतकी वर्षे पलंगाचा कठडा धरून उठतात. पोटातला फुगवटा 'वाताचा गोळा' म्हणून कधी कुणाला दाखवलाच नाही. त्या चटईवर पडल्या, गुडघे मुडपले, डोके उचलले. माझी तीन बोटे आत गेली.

त्या छताकडे पाहत पडून राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे वारा नव्हता तर."

दुसऱ्याच आठवड्यात त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी हर्निया नाही ना ते पाहिले. या वयात फट मिटेल असे वचन बाईंनी दिले नाही. पण ताकद येईल, म्हणाल्या. आता चार वाजता आमच्याकडे दोन चटया पडतात आणि मुले सांभाळायची पाळी, सुट्टीच्या दिवशी तरी, ह्यांची असते. परवा फराळाचे डबे वरच्या फळीवरून काढताना सासूबाई मला ओरडून म्हणाल्या, "अगं, श्वास सोड आधी!"