रेडिओ बिघडलाच नव्हता

आमच्या अम्मीचं वय तेव्हा सत्त्याहत्तर होतं आणि तिचा ट्रान्झिस्टर तिशीच्या घरात. ओट्याजवळच्या फळीवर त्याची जागा. संध्याकाळच्या बातम्या, मग गाणी ऐकत अम्मी भाकऱ्या थापायची. 2019 चा पावसाळा संपता संपता त्यातून घरघर येऊ लागली. डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी. निवेदकाचा आवाज तिच्यात बुडून जायचा.

मी लगेच निदान केलं : रेडिओ म्हातारा झाला. सेल बदलले. दांडीची एरियल ओढून तिला तांब्याची तार बांधली. फरक नाही. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात तो स्वच्छ वाजला, घरी आणला की घरघर. शेवटी नवा रेडिओ घेतला. तोही घरघरला! तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. पण मी दुसरं निदान काढलं : प्रक्षेपणातच दोष आहे. पुस्तकी आधारही हाताशी होता. सूर्य मावळल्यावर मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर दूर पोचतात आणि लांबची केंद्रं एकमेकांत मिसळतात. हे खरंच आहे. पण तेव्हा परकी बोलणी ऐकू येतात, शिट्ट्या येतात, आवाज चढतो-उतरतो. एकसुरी घरघर नाही येत.

अम्मी सुरुवातीलाच म्हणाली होती, "बेटा, लाइट गेली की तो नीट बोलतो रे."

मी हसलो. "अम्मी, तो सेलवर चालतो. त्याचा लाइटशी काय संबंध?"

ती गप्प बसली. पुढे तिनं रेडिओ लावणंच सोडलं. आम्ही घरात म्हणू लागलो, वय झालं की माणसाचं मन कशातच लागत नाही. हे आमचं तिसरं निदान.

एका संध्याकाळी वीज गेली. अंधारात काही सुचेना म्हणून मी जुना रेडिओ लावला. आवाज खणखणीत! वीज आली आणि घरघर परतली. मग मी एकेक बटण बंद करत गेलो. पंखा, चार्जर, बाहेरचा दिवा. शेवटी फळीच्या वरचा एलईडी बल्ब बंद केला आणि भुंगा गप्प झाला. तो स्वस्तातला बल्ब बिल वाचवायला मीच पावसाळ्यात लावला होता.

घडतं ते असं. घरातली वीज 230 व्होल्टची, सेकंदाला 50 आवर्तनांची. एलईडीला ती तशी चालत नाही. म्हणून बऱ्याच बल्बांच्या बुडाशी एक छोटं मंडल असतं. ते प्रवाह सेकंदाला हजारो वेळा जोडतं आणि तोडतं. या तोडजोडीचे पडसाद थेट मध्यम लहरींच्या पट्ट्यात, म्हणजे साधारण 530 ते 1600 किलोहर्ट्झमध्ये उमटतात. चांगल्या बल्बात ते अडवणारी गाळणी असते, स्वस्तातल्यात ती वाचवलेली असू शकते. मग घरातलं वायरिंगच एरियल होऊन हा गोंगाट पसरवतं. रेडिओ सेलवर असला तरी तो हवेतून हे सगळं ऐकतोच. मध्यम लहरींवर आवाज लहरीच्या कमी-जास्त होणाऱ्या ताकदीतून येतो, गोंगाटही तसाच येतो. त्यामुळे रेडिओला दोन्ही वेगळे करता येत नाहीत. एफएममध्ये आवाज लहरीच्या कंपनसंख्येतून येतो, म्हणून तिथे हा त्रास फार कमी.

माझी तारही वायाच गेली होती. अशा छोट्या ट्रान्झिस्टरची दांडी एफएमसाठी असते. मध्यम लहरी पकडते ती आतली फेराइटची काळी कांडी. म्हणून रेडिओ नुसता फिरवून ठेवला, बल्बापासून दोन हात लांब नेला, तरी पुष्कळ फरक पडतो.

आता घरात काही बिघडलं की मी आधी विचारतो : बिघाड सुरू होण्याच्या सुमारास नवीन काय आलं? मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतो. आणि त्या वस्तूपाशी रोज बसणाऱ्या माणसाचं म्हणणं मध्येच तोडत नाही. अम्मीला मंडल ठाऊक नव्हतं, पण खरा पुरावा तिच्याकडेच होता.

बल्ब बदलला त्या संध्याकाळी मी रेडिओ लावून फळीवर ठेवला. अम्मीनं पिठाचा हात पुसला, आवाज थोडा वाढवला आणि म्हणाली, "मन लागत नाही म्हणत होतात ना?"