ठाण्याला सूर्य, कल्याणला नेपच्यून

मुलांसाठीच्या अंतराळाच्या सचित्र पुस्तकात एक जोडपान हमखास असतं. डावीकडे पिवळाधमक सूर्य आणि पुढे शाळेच्या ग्रुप फोटोसारखे खेटून उभे आठ ग्रह. ग्रहांची नावं आणि क्रम त्यातून पाठ होतात, हे मान्य. पण अंतराळप्रवास इतका अवघड का, ते हेच चित्र लपवतं. अडचण ग्रहांमधल्या मोकळ्या जागेची आहे, आणि चित्रकाराने नेमकी तीच खाल्लेली असते. तो म्हणेल, पानाला मर्यादा असते. खरंच असते. सूर्य ते नेपच्यून हे अंतर २५ सेंटिमीटरच्या पानात बसवलं, तर सूर्यच मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान होतो. पृथ्वी तर दिसायचीच नाही.

मग पान सोडून रूळ घ्यावेत. ठाणे ते कल्याण रेल्वेने साधारण २० किलोमीटर. ठाण्याला सूर्य आणि कल्याणला नेपच्यून ठेवला, तर सूर्य दोन मजली घराएवढा होतो. पृथ्वी त्याच्यापासून सुमारे ६७० मीटरवर, मोठ्या लिंबाएवढी. गुरू कळवा सोडल्यावर, शनी मुंब्र्याच्या आसपास, युरेनस कोपरजवळ. गर्दीसाठी बदनाम असलेल्या डोंबिवलीच्या वाट्याला एकही ग्रह येत नाही! प्रकाशाचा वेगही याच प्रमाणात घटवला, तर तो ताशी पाचेक किलोमीटर भरतो, म्हणजे माणसाच्या चालीएवढा. सूर्यकिरण चालत चालत आठ मिनिटांनी पृथ्वीवर पोचतो आणि कल्याण गाठायला चार तास घेतो. स्लो लोकलसुद्धा त्याला सहज मागे टाकेल. अर्थात ग्रह एका रुळावर उभे नसतात. नेपच्यून १६५ वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतो, तेव्हा त्याची दिशा बदलत राहणार. अंतर मात्र जवळपास तेवढंच राहतं, आणि इथे प्रश्न अंतराचाच आहे.

रिकामी जागा दाखवली तर मुलं कंटाळतील, असा दुसरा आक्षेप. पण मुलांचे चांगले प्रश्न त्या रिकाम्या जागेतूनच येतात. आपल्या लिंबापासून चंद्र पावणेदोन मीटरवर असलेलं बोर आहे, आणि अंतराळवीर राहतात ते स्थानक लिंबाच्या सालीपासून जेमतेम दोन मिलिमीटर वर. हे एकदा डोळ्यांसमोर आलं, की अपोलो-११ चारेक दिवसांत चंद्रावर उतरलं आणि १४ जुलै २०२३ ला निघालेलं चंद्रयान-३ मात्र २३ ऑगस्टला, असं का, हे मूल आपणहून विचारतं. पृथ्वीपासून चंद्रापर्यंत सरळ बाण काढणाऱ्या चित्रापाशी त्याचं उत्तर नसतं. आपलं रॉकेट अपोलोच्या सॅटर्न-५ पेक्षा खूपच लहान. त्यामुळे यान पृथ्वीभोवती फेऱ्या मारत, कक्षा टप्प्याटप्प्याने लांबवत चंद्राकडे गेलं. पुस्तकात काढायला हवी ती हीच वळणावळणाची वाट. जोडपानाच्या पुढचं पान उलटता आलं, तर १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ ही दाखवावं. आपल्या नकाशावर ते कसारा घाट चढून इगतपुरीच्याही पुढे गेलंय, आणि तिथून निघालेला संदेश ठाण्याकडे चालत यायला जवळपास अख्खा दिवस घेतो.