वेशबाहुल्या

वेशबाहुल्या : विशिष्ट काळाची, प्रदेशाची किंवा समाजगटाची वेशभूषा प्रमाणबद्ध लघुरूपात दाखविण्यासाठी घडविलेल्या बाहुल्या. खेळातील बाहुलीचे कपडे काढता-घालता येणे महत्त्वाचे असते; वेशबाहुलीत वस्त्रांची रचना, त्यांचे थर, नेसण्याची रीत आणि अलंकार यांच्या अचूकतेला महत्त्व असते. वेशबाहुल्या तयार करणे हा छंद शिवणकाम, भरतकाम, मूर्तिकाम आणि इतिहासाचा अभ्यास यांच्या संगमातून वाढला आहे. एखादा पोशाख चित्रात पाहून जेवढा समजतो, त्याहून अधिक तो प्रत्यक्ष घडविताना समजतो, हे या छंदाचे मुख्य मोल होय.

यूरोपात अशा बाहुल्यांचा आरंभी उपयोग पोशाखांचे नमुने परदेशी पाठविण्यासाठी होत असे. फ्रान्सच्या सहाव्या शार्ल राजाच्या शिंप्याने इंग्लंडच्या राणीसाठी बाहुलीचा पोशाखसंच तयार केल्याचा उल्लेख १३९६ मधील हिशेबात मिळतो. इंग्लंडमधील ट्यूडर राजवटीच्या काळातील (१४८५–१६०३) बाहुलीचे दर्शन १५७७ मध्ये रंगविलेल्या लेडी अ‍ॅराबेला स्ट्यूअर्ट हिच्या चित्रात घडते. हार्डविक हॉल येथील या चित्रात सुमारे दोन वर्षांच्या अ‍ॅराबेलाच्या हातात प्रौढ स्त्रीचा पोशाख केलेली बाहुली आहे. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली असता पॅरिसच्या वेशकारांनी तारेच्या सुमारे ७० सेंमी. उंचीच्या बाहुल्यांवर आपले नवे पोशाख चढवून १९४५ मध्ये त्यांचे प्रदर्शन भरविले. इंग्लंडमध्ये पेगी निस्बेट यांनी १९५३ च्या राज्यारोहण समारंभानिमित्त राणी दुसऱ्या एलिझाबेथची बाहुली तयार केली. पुढे आठवा हेन्री व त्याच्या सहा राण्या यांच्या बाहुल्याही त्यांनी केल्या आणि त्या संग्राहकांत लोकप्रिय झाल्या.

ट्यूडर पोशाखाचा आकार मुख्यतः आतील थरांवर अवलंबून असतो. सर्वांत आत लिननचा स्मॉक, त्यावर ताठ केलेली चोळी, मग कड्यांनी शंकूसारखा फुगविलेला फार्दिंगेल हा घागरा आणि शेवटी बाहेरचा झगा, असा त्याचा क्रम असतो. बाह्या पुष्कळदा वेगळ्या असून त्या टाचण्यांनी वा बंदांनी जोडतात. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील गळ्याभोवतीची चुणीदार झालर, म्हणजे रफ, खळ दिल्याखेरीज उभी राहत नाही. आतला सांगाडा वगळून केवळ बाहेरचा झगा शिवल्यास बाहुली ट्यूडर दिसत नाही. जॅनेट आर्नल्ड यांनी मूळ वस्त्रे मोजून काढलेले बेतण्याचे नकाशे १९८५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यामुळे चित्रांवरून अंदाज बांधणाऱ्या छांदिष्टांना विश्वसनीय आधार मिळाला.

भारतात या कलेला संस्थात्मक स्थान व्यंगचित्रकार के. शंकर पिळ्ळै यांच्यामुळे लाभले. हंगेरीच्या राजदूताकडून मिळालेल्या एका बाहुलीमुळे त्यांना संग्रहाची आवड लागली आणि त्यातून १९६५ मध्ये नवी दिल्ली येथे आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय सुरू झाले. संग्रहालयाला जोडलेल्या कार्यशाळेत भारतातील विविध प्रदेशांच्या वेशभूषेतील बाहुल्या करण्यात येऊ लागल्या व त्यांच्या बदल्यात परदेशांतून बाहुल्या मिळविण्यात आल्या.

महाराष्ट्रातील परंपरा : ठकी ही महाराष्ट्राची जुनी लाकडी बाहुली, तिचे लुगडे रंगविलेले असते. कापडी बाहुल्यांना चिंध्यांची लुगडी नेसविणे आणि बाहुला-बाहुलीचे लग्न लावणे हे मुलींच्या भातुकलीचे अंग होते. विवाहप्रसंगी वधूपक्षाकडून मांडल्या जाणाऱ्या रुखवतात वरवधूंच्या आणि विवाहविधी दाखविणाऱ्या बाहुल्या ठेवण्याची चाल आहे. घरगुती वेशबाहुलीचे सर्वांत परिचित स्थान हेच होय.

मराठवाड्यात या कौशल्याला आणखी एक आधार आहे. लातूर जिल्ह्यातील चाकूर, अहमदपूर, उदगीर या भागात, तसेच नांदेडकडे, भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्या बसविण्यात येतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन असा तीन दिवसांचा हा कुलाचार असतो. पत्र्याच्या वा लोखंडी कोठीवर मुखवटा बसवून तिला साडी नेसवितात, हात जोडतात, दागिने घालतात व अनेक घरी शेजारी बाळेही मांडतात. निर्जीव आधारावर वस्त्र नीट बसविणे, निऱ्या सारख्या पाडणे, पदर न घसरता टिकविणे ही कामे घरातील जाणत्या स्त्रिया येथे शिकवितात. कोठीला पाय नसल्यामुळे नऊवारीचा काष्टा मात्र तिच्यावर खरा घालता येत नाही. पुढचा भाग सजवून तसा आभास निर्माण करावा लागतो.

नऊवारीची रचना : मराठी वेशबाहुलीचा कस याच ठिकाणी लागतो. नऊवारी लुगडे हे सुमारे ८·२ मी. लांबीचे न बेतलेले, न शिवलेले वस्त्र असते. त्याचा एका टोकाकडील भाग कमरेभोवती घेऊन गाठ मारतात, दुसऱ्या टोकाचा पदर घेतात आणि मधल्या भागाच्या निऱ्या घालतात. निऱ्यांच्या खालच्या काठाचा मधला भाग दोन्ही पायांमधून मागे नेऊन कमरेत खोचला, म्हणजे काष्टा होतो. ब्राह्मणी पद्धतीत पुढे ओचा असतो व लुगडे घोट्यांपर्यंत येते. शेतात राबणारी स्त्री ते पोटऱ्यांपर्यंत उचलून काष्टा घट्ट घेते. ट्यूडर बाहुलीला शंकूसारखा आधार पुरतो. नऊवारीच्या बाहुलीला मात्र स्वतंत्र पाय लागतात. पाय एकत्र शिवलेल्या बाहुलीवर काष्टा चिकटविला जातो, नेसविला जात नाही. म्हणून जाणकार अशी बाहुली पाठीमागून पाहतात. धोतर नेसलेल्या शेतकऱ्याच्या बाहुलीलाही हाच निकष लागू पडतो.

शिवलेला पोशाख उसवून त्याचा बेत काढता येतो. लुगडे सोडले की त्याची पुन्हा एक सरळ पट्टी होते आणि नेसण्याची रीत मागे काही खूण ठेवीत नाही. संग्रहालयातील घडी केलेल्या लुगड्यावरून वीण, रंग व काठ कळतात. ते कोणी कसे नेसत होते, हे कळत नाही. ही माहिती नेसणाऱ्या हातांतच असते. नऊवारीचा नित्य वापर कमी झाल्याने आणि समारंभासाठी शिवलेली नऊवारी रूढ झाल्याने हे हात कमी होत आहेत. शांताल बूलांजे यांनी भारतातील साडी नेसण्याच्या अनेक पद्धतींची रेखाटनांसह केलेली नोंद १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. वेशबाहुली हे अशा नोंदीचे त्रिमितीय रूप होऊ शकते, कारण तिच्यावर पद्धत आतून-बाहेरून, सर्व थरांसह, टिकून राहते.

प्रमाण व साहित्य : १५० सेंमी. उंचीची स्त्री ३० सेंमी. उंचीच्या बाहुलीत दाखविल्यास प्रमाण १ : ५ होते. त्यानुसार लुगडे सु. १६४ सेंमी. लांब आणि २३ सेंमी. रुंद घ्यावे लागते, १० सेंमी. चा काठ २ सेंमी. चा होतो. कापडाची जाडी मात्र कमी होत नाही. बाहुलीच्या मानाने ती पाचपट ठरते. त्यामुळे कमरेशी गोळा जमतो आणि निऱ्या न लोंबता उभ्या राहतात. यावर उपाय म्हणजे जुने, धुऊन मऊ झालेले मलमल किंवा तलम रेशीम वापरणे आणि बाहुलीची कंबर आधीच बारीक करणे. शोभेच्या बाहुलीत आतला न दिसणारा वेढा कमी करतात. नेसण्याची नोंद म्हणून केलेल्या बाहुलीत मात्र पूर्ण लांबी ठेवणेच इष्ट होय.

देह तार, कापूस व सुती कापड यांचा करतात. चेहरा शाडूचा किंवा कागदाच्या लगद्याचा असतो, तर केसांसाठी काळी लोकर अथवा रेशमी धागा वापरतात. नथ, ठुशी, बोरमाळ हे दागिने बारीक मणी व पितळी तार यांचे होतात. बारीक नक्षीमुळे खणाचे कापड बाहुलीच्या चोळीला प्रमाणात शोभते. दक्षिण मराठवाड्यात परिचित असलेल्या इरकली लुगड्याचा लाल पदर व काठ यांचा आभास अरुंद फितींनी साधता येतो. पैठणीच्या पदरावरील मोर वा कमळ मात्र या प्रमाणात फार मोठे दिसतात. तेथे एकेरी रेशमी धाग्याने भरतकाम करावे लागते [→ पैठणी]. बाहुलीसाठी धड असलेली जुनी पैठणी किंवा लुगडे कापू नये. मूळ वस्त्र हा अधिक मोलाचा पुरावा असतो. फाटून निकामी झालेल्या वस्त्राचे तुकडे वापरावेत आणि ते कोठून आले, हे लिहून ठेवावे.

ऐतिहासिक व्यक्तींच्या बाहुल्यांसाठी समकालीन चित्रे पाहणे आवश्यक असते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पोशाखासाठी ॲम्स्टरडॅम व लंडन येथील संग्रहांतील सतराव्या शतकातील दख्खनी लघुचित्रे उपयोगी पडतात. पेशवाईच्या उत्तरार्धासाठी जेम्स वेल्स याने पुण्यात काढलेली चित्रे उपलब्ध आहेत. गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेशभूषेवरील इंग्रजी ग्रंथ (१९५१) व पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील वस्त्रेही मार्गदर्शक ठरतात. चित्रपट, नाटके व दिनदर्शिका यांतील पोशाखांवर अनेकदा नंतरच्या काळाची छाप असते. त्यांचा आधार घेऊ नये.

जतन : खळीमुळे कापडाला कसर लागते. म्हणून दीर्घकाळ टिकवावयाच्या बाहुलीच्या निऱ्या पाण्याचा हलका शिडकावा देऊन, टाचून व वाळवून बसवितात आणि मग बारीक टाके घालतात. लोखंडी टाचण्या गंजून डाग पाडतात. पितळी टाचण्या वापराव्यात. बाहुली थेट उन्हापासून दूर, काचेच्या पेटीत ठेवावी. प्रत्येक बाहुलीसोबत गाव, वस्त्राचा प्रकार, प्रमाण, तयार केल्याचे वर्ष आणि ती पद्धत कोणाकडून शिकली, याची चिठ्ठी जोडावी. जेथे नित्य नऊवारी नेसणाऱ्या वृद्ध स्त्रिया आहेत, तेथे प्रथम त्यांच्याकडून नेसणे शिकून घ्यावे आणि मग बाहुली करावी. अशी बाहुली साधी असली, तरी अभ्यासकाच्या दृष्टीने तिचे मोल अधिक असते.