पिशवी राखून पाळीचा बंदोबस्त

लग्नसमारंभात खुर्चीच्या कडेशी अवघडून बसणारी आणि उठताना पातळाची मागची बाजू हळूच चाचपून पाहणारी चाळिशीतली बाई आपल्या आप्तवर्गात कोणी ना कोणी असतेच. तिचे अंगावरून जाणे आणि कंबर मोडणाऱ्या कळा वर्षानुवर्षे बाईच्या जन्माचे भोग म्हणून खपवल्या जातात, आणि सोसवेनासे झाले की ‘पिशवी काढून टाका’ हा एकच निकाल सर्वांच्या मुखी येतो.

अशा त्रासामागे असू शकणाऱ्या ॲडिनोमायोसिस या विकारात गर्भाशयाच्या अस्तरातील ग्रंथी स्नायूंच्या भिंतीत शिरून ठाण मांडतात, त्यामुळे पिशवी गोलसर फुगते, स्राव वाढतो आणि कळा तीव्र होतात. पूर्वी पिशवी काढून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून निदान पक्के होत नसे. आज सोनोग्राफी किंवा एमआरआय ते काम पिशवी जागेवर असतानाच करतात, आणि म्हणूनच उपचारांनाही अवसर मिळतो.

कळा उत्पन्न करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन द्रव्यांना मेफेनॅमिक आम्लासारख्या गोळ्या आळा घालतात. १९६२ साली जपानच्या उताको व शोसुके ओकामोतो या दांपत्याने प्रसिद्ध केलेले ट्रॅनेक्झॅमिक आम्ल केवळ अधिक स्रावाच्या दिवसांत घेऊन रक्त राखता येते. मात्र पूर्वी रक्तवाहिनीत गुठळी झालेल्या स्त्रीस ते वर्ज्य होय.

परंतु ग्रंथींचे पोषण ज्या संप्रेरकांवर चालते, त्यांच्यावर अंमल बसवणारी तजवीज अधिक टिकाऊ. आगपेटीतल्या काडीहून आखूड, इंग्रजी ‘टी’च्या आकाराची हार्मोनची तांबी तपासणीच्या खोलीतच बसवता येते, तिच्यातील ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल प्रारंभी रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम पाझरून अस्तर पातळ करते. पहिले काही महिने अवेळी डाग पडतात, तेवढा धीर धरावा लागतो; पिशवी फार मोठी असल्यास तांबी निसटूही शकते. डायनोजेस्टची २ मिलिग्रॅमची रोजची गोळी हा दुसरा मार्ग. मासिक इंजेक्शनांनी बीजकोशांचे काम काही मुदतीपुरते तहकूब करता येते, पण हाडे ठिसूळ होण्याच्या भयाने ती मुदत मर्यादित ठेवतात.

हे उपचार रोगाचे निर्मूलन करीत नाहीत; ते थांबवले की त्रास परतू शकतो. परंतु पाळी कायमची गेल्यावर तो बहुधा आपोआप शमतो, म्हणजे येथे लढाई जिंकायची नसून तोवर वेळ काढायचा असतो. कर्करोगाची शंका तपासून दूर केल्यावर, रक्तक्षयासाठी लोह चालू ठेवून आणि अपत्याची इच्छा विचारून, उपचाराचा निर्णय व्हावा. पिशवी काढण्याचा मार्ग अखेरीस असतोच, पण तिचा निकाल एकदा लागला की त्यावर अपील नाही.