एक अहवाल, तीन ठिकाणें

गतवर्षीं आमच्या एका लहानशा विद्यार्थी-साहाय्य निधीच्या जमाखर्चाचें काम मजकडे आलें. पुतण्यानें त्यासाठीं संगणकाची एक आज्ञावली लिहून दिली होती. ती चालविली, कीं नांव, रक्कम व बेरीज यांचे रकाने नीट आंखलेला अहवाल तयार होई. तो मला पडद्यावर पाहावयाचा असे, दप्तरीं ठेवावयाचा असे, आणि खजिनदारांच्या फोल्डरांतही घालावयाचा असे. मीं आज्ञावली तीनदां चालविली. मधल्या अवधींत एक देणगी नोंदली गेली, आणि भर सभेंत माझ्या प्रतींतील बेरीज एक, तर खजिनदारांच्या प्रतींतील दुसरी निघाली! कोणी कांहीं बोललें नाहीं. परंतु ज्यानें जन्मभर मुलांच्या बेरजा तपासल्या, त्यास तें मौनच पुरेसें होतें.

"काका, हिशेब एकदांच करा, नि तोच तिन्हीकडे पाठवा. त्याला 'टी' आहे," पुतण्या म्हणाला.

हा 'टी' म्हणजे चहा नव्हे. 1973 सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन टॉम्पसन यांनीं युनिक्स प्रणालींत 'पाइप' आणला. एका आज्ञेचें फलित दुसरीच्या मुखांत सोडणारी ही नळी होय. नळीस फांटा फोडावयाचा, तर नळकामांत इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचा जोड लावतात. त्यावरूनच या आज्ञेस नांव मिळालें. आलेला मजकूर ती पडद्याकडे सोडते आणि नांवें द्याल तितक्या फायलींतही लिहिते. एक अक्षरही बदलत नसल्यानें रकाने जेथल्या तेथें राहतात.

मात्र दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. दिलेल्या नांवाची फाईल आधींच असेल, तर तींतील जुना मजकूर पुसला जातो. माझा एका महिन्याचा अहवाल असाच गेला. आडव्या रेघेसह 'ए' हें अक्षर जोडल्यास नवा मजकूर जुन्याच्या शेवटीं लिहिला जातो. दुसरें असें, कीं चुकांचे संदेश निराळ्या वाटेनें जातात. ती वाट मुद्दाम नळीस जोडली नाहीं, तर ते पडद्यावर दिसतात, पण फायलींत उतरत नाहींत, आणि अपुरा अहवालही निर्दोष भासतो.

आमच्या शाळेंत सूचनावही शिपाई वर्गावर्गांतून फिरवी. प्रत्येक वर्गासाठीं मुख्याध्यापक नवी सूचना लिहीत नसत. इतकी साधी गोष्ट मला या वयांत नव्यानें शिकावी लागली. यंदाच्या सभेंत तिन्ही प्रतींतील बेरजा जुळल्या. याही वेळीं कोणी कांहीं बोललें नाहीं. पण तें मौन मला फार गोड वाटलें.